मजेसाठी जुनी गाडी, तीही ऑनलाइन जाहिरात बघून (बजेट साडेतीन लाख, मुक्काम दारव्हा)

वावरातला_रेसर

राम राम मंडळी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. कृषी केंद्र आहे, थोडं वावर आहे. कामाला बोलेरो आहे, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. यंदा हळदीनं बरा हात दिला, म्हणून घरी एक ठराव पास करून घेतलाय: एक गाडी फक्त चालवायच्या आनंदासाठी घ्यायची. नवी स्पोर्ट्स कार खिशात बसत नाही आणि नव्या एसयूव्हीत मला मजा येत नाही. त्यामुळे रात्री दुकानाचं शटर ओढलं की जाहिराती चाळत बसतो.

सध्या चार गाड्यांवर जीव अडकलाय. होंडा सिटी १.५ व्हीटेक (सिटीतलं जास्त ताकदीचं इंजिन), २००२ची, एमएच-३१ म्हणजे नागपूरची, सांगतोय १ लाख ६५ हजार. फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, तीही २००२ची, पिवळी, पुण्याची, १ लाख ९०. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, दिल्ली नंबर, १ लाख ४० आणि खाली मोठ्या अक्षरात 'एनओसी रेडी' (म्हणजे आरटीओचं ना-हरकत पत्र तयार). चौथी गोव्याची सॅन स्टॉर्म, किंमत फोनवर.

साडेतीन लाखांत गाडी, कागद आणि दुरुस्ती सगळं बसायला पाहिजे. यातलं काय धरू, काय सोडू?

नटबोल्ट_अकोला

भाऊ, दिल्लीवाली आजच्या आज यादीतून काढ.

तिकडं १० वर्षांवरची डिझेल अन् १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवाले बंदी आली. एनजीटीचा (हरित लवादाचा) आदेश २०१५चा, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये तो लावून धरला. मंग नियम कधी ढिले, कधी घट्ट होत राह्यले, पण त्या धाकानं गंजच गाड्या तिकडून स्वस्तात बाहेर निंगाल्या. म्हणून ते १ लाख ४०. 'एनओसी रेडी' म्हणजे नेमकं काय रेडी, ते इचार त्याले. एनओसी कोण्या आरटीओच्या नावानं काढली हाय? यवतमाळच्या नावानं नसन तर तुह्या कामाची नाई. वरतून आपल्या राज्याचा टॅक्स तुलेच भरा लागते.

अन् ते १.८ टर्बो इंजिन झ्याक हाय, नाई म्हणत नाई. दीडशे घोडे. पण ठिणगी देणारे कॉइल पॅक जातात, व्हॅक्यूमचे रबरी पाइप आपल्या उन्हात कडक होऊन तडकतात. पाइप तडकला की गाडीले दम राहत नाई, अन् न समजणारा मिस्त्री म्हणते टर्बोच बदला. दारव्ह्यात तिले हात लावणारा कोण हाय?

पुणेरी_स्टिअरिंग

पालिओ मी ओळखतो, म्हणजे ही नव्हे, ही जात. १.६ म्हणजे १०० बीएचपी आणि स्टिअरिंगला जे वजन आहे ते आजच्या गाड्यांत शोधून सापडत नाही. २००१ साली आली तेव्हा जाहिरातीत सचिन होता. पेट्रोल मात्र पिते, त्याबद्दल कुणी काही वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

जाहिरातीची लिंक व्यनि (खाजगी निरोप) करा, गाडी कोणत्या भागात आहे ते बघतो.

कापूसकोंड्या

मोर्शीहून लिहितो. पाचवी जाहिरात दिसायच्या आत सांगून ठेवतो. आमच्या गल्लीतल्या एका पोट्ट्याला सिव्हिक दिसली, सव्वा लाख. मालक 'फौजी', बदली झाली म्हणून घाई, गाडी 'नागपूर विमानतळाच्या पार्किंगमध्ये'. व्हॉट्सॲपवर लगेच कॅन्टीन कार्डाचा फोटो, गणवेशातला फोटो. मग गेट पासचे अमुक, वाहतुकीचे तमुक. शेवटी म्हणे क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, ॲडव्हान्स तुम्हाला परत येईल. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. पोट्ट्याच्या बहिणीनं फोन हिसकला म्हणून वाचला.

खूण अशी की असा माणूस गाडीचा व्हिडिओ कॉल कधीच करत नाही. चेसिस नंबर मागितला की देशप्रेमावर बोलतो.

नटबोल्ट_अकोला

😂 देशप्रेमावर बोलते, खरं हाय.

आरटीओत_रोजचं_काम

अमरावतीला कागदपत्रांचंच काम करतो, त्यामुळे गाडीच्या मजेबद्दल मी बोलणार नाही. कागदाबद्दल थोडं लांब लिहितो, कारण २००२च्या गाडीत खरा खर्च तिथेच लपलेला असतो आणि जाहिरातीत त्याचा फोटो नसतो.

पहिली गोष्ट आरसीची, म्हणजे नोंदणीपत्राची मुदत. २००२ची गाडी म्हणजे नोंदणी १५ वर्षांची, २०१७ला संपली. मग ५ वर्षांचं नूतनीकरण २०२२पर्यंत, त्यापुढचं २०२७पर्यंत. मालकाने २०१७ला केलं आणि २०२२ला 'बघू नंतर' म्हणून सोडून दिलं, असं आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतं. १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० केली. उशीर झाला असेल तर दर महिन्याला ५०० जादा. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे मुदत संपलेली गाडी दीड लाखात मिळाली तर ती दीड लाखाची नाही, आधी बेरीज करा.

दुसरी गोष्ट बोजा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर ते उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र पाहिजे. कर्ज फेडून पंधरा वर्षं झाली तरी नाव तसंच असतं, लोक काढत नाहीत. आणि ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, मग पत्र कोणाकडून आणायचं याची वारी सुरू. हे काम विकणाऱ्याचं. ते झाल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्या समोर झाली पाहिजे. 'सह्या करून ठेवल्यात' असं म्हणणारा बहुतेक वेळा स्वतः मालक नसतोच, तो तिसरा माणूस असतो ज्याने गाडी नावावर न करता फिरवली. आरसीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि फोनवर बोलणारा आवाज एकाच माणसाचा आहे ना, एवढं बघा. मालक वारला असेल तर वारसांचे कागद लागतात, त्यात फॉर्म ३१ येतो. तिथे भाऊबंदकी असेल तर त्या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

बाकी थकलेले ई-चलान गाडीच्या नंबरवर दिसतात, ते आधी भरून घ्या. सुरक्षा नंबर प्लेट १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांनाही आता सक्तीची आहे. ती लावलेली असेल तर एक फायदा: बुकिंगच्या वेळी चेसिस आणि इंजिन नंबर नोंदीशी जुळावा लागतो, म्हणजे निदान नोंद जिवंत आहे असं समजतं.

विम्यातली एक गंमत, जी कुणी विचारत नाही. थर्ड पार्टीचे दर सीसीवर ठरतात. जून २०२२पासूनच्या दरात १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७, जीएसटी वेगळा. सिटी १४९३ सीसी, पालिओ १५९६. शंभर सीसीसाठी दरवर्षी दुपटीहून जास्त.

वावरातला_रेसर

दादा, हे प्रिंट काढून दुकानात लावतो. विम्याचं खरंच माहीत नव्हतं. सिटीवाल्याला आरसीचा फोटो मागितलाय, मुदत २०२७ दिसते. बोजा नाही.

वर्धेची_मधुरा

माझ्याकडे पालिओ १.६ आहे, पुलगावला असते, आठवड्यातून दोनदा वर्ध्याला येते. तेव्हा थोडं अनुभवाचं.

गाडी थंड इंजिनावरच बघायची. आदल्या दिवशी सांगायचं, मी येईपर्यंत किल्ली लावू नका. गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा, नमस्कार नंतर. गरम लागलं तर काहीतरी झाकलंय. थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, सतत पांढरा आणि गोडसर वास म्हणजे कूलंट आत जातंय. ऑइलच्या झाकणाच्या आत साय आल्यासारखं पांढरट दिसलं तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

दरवाज्यांचं रबर ओढून बघा. कडेला रंगाचे शिंतोडे असतील तर पूर्ण रंगवलेली आहे. काचांवरची वर्षं एकमेकांशी जुळतात का बघा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की बऱ्याच गाड्यांत तळाशी तारखेचं लेबल असतं. गाडी २००२ची आणि बेल्ट २००७चा असेल तर एअरबॅग फुटण्याएवढी धडक झाली असेल किंवा मधे मोठं काहीतरी बदललंय. विचारायचं.

आणि आपल्याकडे उंदीर! शेतावरच्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं वायरिंग आधी बघा. माझ्या गाडीचा पंखा मे महिन्यात ऐन दुपारी बंद पडला, कारण कुरतडलेली वायर. बाहेर ४५ अंश आणि काटा लाल पट्ट्याकडे. रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याचे पाइप, गाडी कोणतीही घ्या, पहिल्या महिन्यात हे सगळं नवं करा. पुण्यात चालून गेलेला रेडिएटर आमच्याकडे उन्हाळा काढत नाही.

रिटायर_ड्रायव्हर_काका

पुसदहून. बापू, टायर पाहून घे. जाहिरातीत लोक लिहितेत 'टायर ९० टक्के'. नक्षी ९० टक्के असते, रबर मेलेलं असते. टायरच्या बाजूवर चार आकडे राहतात. १४१६ म्हणजे २०१६चा चौदावा आठवडा. असा टायर घेऊन समृद्धीवर १२०नं जाशीन तर मी तुह्या घरच्यांले काय सांगू?

वावरातला_रेसर

काका, नवीन टायर पहिल्या खर्चात धरले आहेत. शब्द.

कॉव्हेंट्रीकर

मूळचा दिग्रसचा, सध्या इंग्लंडात. इथं मी १९९५ची माझदा एमएक्स-५ ऑनलाइन जाहिरातीतूनच घेतली. इथली पद्धत सांगतो, तुम्हाला हेवा वाटेल. तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी असते आणि नंबर टाकला की सरकारी साइटवर जुने निकाल फुकट दिसतात. कोणत्या साली किती मैल होते, कशात नापास झाली, कुठे गंज लिहिलाय. मीटर मागे फिरवलं असेल तर तिथेच उघडं पडतं. माझ्या गाडीच्या इतिहासात मागच्या चाकाजवळच्या सिलचा (दाराखालच्या पत्र्याचा) गंज तीनदा लिहून आला होता, जाहिरातीत अर्थातच 'मिंट'. एमएक्स-५ त्याच जागी सडते.

इथं पाऊस आणि रस्त्यावरचं मीठ गाड्या खातं. आपल्याकडची कोरडी हवा त्या बाबतीत सोन्यासारखी. विदर्भातली एक मालक असलेली गाडी मुंबई-गोव्याच्या गाडीपेक्षा पत्र्याने नक्की चांगली निघते.

नटबोल्ट_अकोला

हे मात्र बरोबर. मुंबईची गाडी वरून चकाचक असते, खाली जॅक लावा तं जॅक पत्र्यात घुसते. चुंबक घेऊन जा सोबत, दुकानातलं बारकं. फडक्यात गुंडाळून पत्र्याले लावाचं. जिथं धरत नाई तिथं पुट्टी.

पालिओले मातर चुंबक चालते, सॅन स्टॉर्मले नाई चालत. ते फायबरची बॉडी हाय :)

पुणेरी_स्टिअरिंग

स्टॉर्मबद्दल दोन शब्द. दोन सीट, कापडी छप्पर, गोव्यात बनलेली, आत रेनोचं १.२चं इंजिन, ६० बीएचपी. आकड्यावर हसू नका, गाडी हलकी आहे. आपल्या देशात बनलेल्या खऱ्या टू-सीटर मोजायला एक हात पुरतो, त्यामुळे मला तिच्याबद्दल माया आहे. पण फायबर फुटलं तर पॅनेल मिळत नाही, आतली चेसिस लोखंडी आहे आणि तिनं गोव्याची हवा खाल्लेली असते. आता ती गाडी बनतही नाही. दारव्ह्याच्या गतिरोधकांवरून तिला नेणं मला तरी बघवणार नाही. संग्रहात ठेवायची असेल तर वेगळं.

कापूसकोंड्या

अवांतर: वरूडजवळ एका वाड्यात जुनी स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे, दोन दारांची, बॉनेट अख्खं पुढे उघडतं ती. मालक द्यायला तयार आहे. ५० वर्षांवरची असेल तर व्हिंटेज नंबर घेऊन रोज चालवता येईल काय?

आरटीओत_रोजचं_काम

रोज नाही. २०२१च्या नियमाने ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, फी २०,०००, मुदत १० वर्षं. पण ती फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवा. मूळ आरसी आहे का त्यांच्याकडे? नसेल तर आधी ते बोला. इंजिन दुसरं बसवलं असेल आणि आरसीवर चढवलं नसेल तर तो आणखी वेगळा त्रास.

कापूसकोंड्या

आरसी म्हणे आजोबांच्या ट्रंकेत आहे, ट्रंकेची किल्ली मोठ्या काकांकडे, आणि मोठे काका बोलत नाहीत.

आरटीओत_रोजचं_काम

वर भाऊबंदकीबद्दल लिहिलंय ते परत वाचा.

वावरातला_रेसर

धागा वर काढतोय. रविवारी नागपूरला जाऊन सिटी बघून आलो, अकोल्याचे नटबोल्ट भाऊ स्वतः कारंज्यापर्यंत आले आणि तिथून सोबत. त्यांचे उपकार.

आदल्या रात्री मालकाला किल्ली लावू नका म्हणून सांगितलं होतं. पोचलो तर बॉनेट कोमट. 'सकाळी धुवायला बाहेर काढली' म्हणाला. बरं. रंग फोटोपेक्षा चांगला होता, सीटही मूळच्या. चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलने घासून उतरवला, आरसीशी अंक न अंक जुळला. चुंबकाने फक्त डाव्या मागच्या दाराखाली दगा दिला. हाताने फिरवायचे गिअर तर असे पडत होते की मी तिथेच विकत घेणार होतो.

मग भाऊंनी बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि गप्प झाले. पुढचं तेच सांगतील.

नटबोल्ट_अकोला

मागं बिल्ला व्हीटेकचा, बाजूनं स्टिकर व्हीटेकचा, अन् इंजिन साधं १.५. हेडच्या कडेले व्हीटेकचा सोलेनॉइड राहते, त्याले वायर जाते. इथं ना सोलेनॉइड, ना वायर. कोणीतरी बिल्ला आणून चिकटवला. दोन्हीचे सीसी १४९३, म्हणून आरसीवरचे सीसी पाहून समजत नाई. मॉडेलचा रकाना वाचाव लागते, तिथं साधं मॉडेलच लिहिलं होतं. फोटोत आरसी अर्धी दुमडली होती ते आता समजलं कावून.

मालकाले म्हटलं, तं म्हणे माले बी असीच मिळाली. असन बी खरं. चिडलो नाई आम्ही.

पुणेरी_स्टिअरिंग

साधी १.५ सुद्धा शंभर घोड्यांची आहे हो. व्हीटेक १०६. सहा घोड्यांसाठी एवढं मन मोडायचं कारण नाही. योग्य भावात मिळत असेल तर घ्या.

वर्धेची_मधुरा

मी नाही घेणार. प्रश्न सहा घोड्यांचा नाही. ज्याने बिल्ला लावला त्याने टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे तो जे सांगेल त्यावर कसा विश्वास ठेवायचा? बिलं होती का?

वावरातला_रेसर

एकही नव्हतं. 'आमचा मिस्त्री घरचा आहे' एवढंच. मालक १ लाख १५वर उतरला होता. खरं सांगू, एक लाखाला दिली असती तर मोह झाला असता, पण त्याच्या फोनवर आमच्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि त्याने त्यालाही 'व्हीटेक आहे' असंच सांगितलं. तिथे विषय संपला.

आता पालिओ. पुणेरी भाऊंनी जाऊन बघितली. त्यांनीच लिहावं.

पुणेरी_स्टिअरिंग

कोथरूडला आहे. दुसरा मालक, निवृत्त प्राध्यापक, तेरा वर्षं त्यांच्याकडे. बिलांची फाइल आहे, अक्षरशः पंच करून लावलेली. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप दोन वर्षांपूर्वी एकत्र बदललाय, बिल आहे. आरसी २०२७पर्यंत, नंबर प्लेट नवी. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू, धूर नाही.

आता वाईट बाजू. पिवळा रंग मूळचा नाही, मूळचा लाल होता. दारांच्या आतल्या कडेला अजून दिसतो. आरसीवर रंग बदलून घेतलाय, त्यामुळे कायद्याने ठीक. एसी चालू केला की थंड हवा येते पण कॉम्प्रेसर आवाज करतो. डावी मागची काच खाली जाते, वर येत नाही. स्टिअरिंगचं तेल थोडं गळतंय. टायर २०१७चे, काकांचं बरोबर. आणि पेट्रोलचे रबरी पाइप मूळचेच दिसतात, हे मला सगळ्यात खटकलं. त्या काळची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. ते रबर फुगतं, भेगाळतं आणि इंजिनच्या बाजूला गळायला लागलं तर आग. सगळे पाइप, पंपाचे सील नवीन घालायचे, इथेनॉलला चालतील असे. आणि महिना महिना उभी ठेवायची नाही, ते पेट्रोल पाणी धरतं.

सर १ लाख ७०ला तयार आहेत. मला १ लाख ५५पर्यंत येतील असं वाटतं. पण ते कुणालाही देणार नाहीत, चालवायला येणाऱ्याला आधी स्वतः शेजारी बसवून फिरवतात. मला गिअर 'घाई न करता' टाकायला सांगितलं.

वर्धेची_मधुरा

ही घ्या. काच मी सांगते कुठे मिळेल. सस्पेन्शन आणि बॉडीचं बरंचसं सामान १.२च्या पालिओचं चालतं, भंगारवाल्यांकडे अजून आहे. इंजिनाचं १.६ वेगळं, त्यासाठी सिएना किंवा पेट्रा १.६ कुठे मोडतात यावर नजर ठेवावी लागते. मी दिसेल ते घेऊन ठेवते. माझ्या माळ्यावर एक जास्तीचा अल्टरनेटर आहे.

नटबोल्ट_अकोला

बेरीज कर भाऊ. गाडी १ लाख ६०, टायर २०-२२ हजार, पाइप-सील-रेडिएटर-कूलंट मिळून २५ धर, स्टिअरिंगचं किट अन् एसी मिळून २५-३०, नाव बदलणं अन् विमा १५. अडीच लाखात बसते. वरचे एक लाख हात लावू नको, पहिल्या उन्हाळ्यात लागतीन.

अन् पुण्याहून चालवत आणू नको. ओळख नसलेल्या गाडीनं समृद्धीवर दुपारचं निंगाचं काम नाई. परतीचा रिकामा फ्लॅटबेड पाह्य, कार पोचवून वापस येणारे स्वस्तात आणतात.

रिटायर_ड्रायव्हर_काका

चालवत आणाचीच असन तर मी येतो सोबत. पहाटे चारले निंगू, साठ-सत्तरनं, दर तासाले थांबू. ऊन चढाच्या आत संभाजीनगर.

वावरातला_रेसर

काका, तुम्ही या. पण गाडी फ्लॅटबेडवर येईल, आपण दोघं एसटीनं :)

सरांशी फोन झाला. १ लाख ६०, टोकन नाही, पूर्ण पैसे नाव बदलायचे फॉर्म समोर सही झाल्यावर बँकेतून. त्यांनी उलट मलाच दोन प्रश्न विचारले: गाडी सावलीत उभी राहणार का, आणि चालवणारे किती जण? सावली आहे, चालवणारा एकटा मी, असं सांगितलं. (बायको हे वाचत असेल तर दोघं.)

शनिवारी पुण्यात पोचतो. कोथरूडच्या आसपास कम्प्रेशन (इंजिनाच्या आतला दाब) मोजायचं मीटर असलेला कुणी मिस्त्री आहे का, जो सरांच्या दारात येऊन बघेल?

पुणेरी_स्टिअरिंग

आहे, कर्वे रोडवरचा माझा माणूस. सकाळी साडेसातला येईल, त्यानंतर त्याला वेळ नाही. सरांना आजच सांगून ठेवा, शुक्रवारी रात्रीपासून गाडी चालू करायची नाही.